सापेक्षता सिद्ध झाली, मग अजून का मोजतात?

कातळसडा
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. गेल्या आठवड्यात टीवायच्या मुलांना सोडियमच्या दिव्याचा प्रयोग होता. ज्यांनी केलाय त्यांना आठवत असेल. दिवा लावला की आधी गुलाबीसर उजेड पडतो, दहा मिनिटांनी तो पूर्ण पिवळा होतो, मग ग्रेटिंग, म्हणजे रंग सुटे करणारी बारीक रेघांची काच, जुळवायचं आणि दुर्बीण हळूहळू फिरवायची. पहिल्या क्रमात एकच जाडसर पिवळी रेघ दिसते. फट बारीक करून दुसऱ्या क्रमाला गेलं की तिच्या दोन होतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. आमच्याकडे पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, खाऱ्या वाऱ्यानं स्क्रू गंजतात. मे संपत आला की मी दुर्बिणीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या भरून ठेवते आणि दर पंधरा दिवसांनी त्या वाळवते. एवढं केल्यावर कोणीतरी डोळा लावून "मॅडम, सुट्या दिसल्या!" म्हणतं, तेव्हा सगळं वसूल होतं.

त्याच तासाला एका मुलानं विचारलं, "आइन्स्टाइनचा लेख १९०५ चा. मग लोक अजून अणूंवर लेझर टाकून सापेक्षता तपासतात ते का? आणि नुसत्या रेघेवरून वेळ मंदावली हे कळतं कसं?"

मी अर्धं उत्तर दिलं. घरी आल्यावर ते अर्धं उत्तर टोचत राहिलं, म्हणून वाचायला बसले. जेवढं समजलं तेवढं मांडते.

अणू हे घड्याळ आहे, हे आधी मनात पक्कं करावं लागतं. सोडियमचा पिवळा प्रकाश सेकंदाला सुमारे ५०९ लाख कोटी वेळा हेलकावतो. त्याला किल्ली द्यावी लागत नाही. सोडियम रत्नागिरीतला घ्या नाहीतर जर्मनीतला, हेलकावे तेवढेच. असं घड्याळ वेगानं धावायला लागलं की आपल्या दृष्टीनं ते मंदावतं, हे विशिष्ट सापेक्षतेचं म्हणणं. घड्याळ मंदावलं म्हणजे रंग किंचित तांबड्याकडे सरकला.

पण धावणाऱ्या अणूचा रंग आणखी एका कारणानं बदलतो आणि ते कारण फार दांडगं आहे. गाडी स्टेशनात शिरताना भोंग्याचा सूर चढलेला असतो, पुढे निघून गेली की उतरतो. तोच डॉप्लर परिणाम. हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरची रेघ घ्या आणि अणूचा वेग प्रकाशाच्या अर्धा टक्का धरा. डॉप्लरनं रेघ २.४ नॅनोमीटर सरकते आणि वेळ मंदावल्यामुळे फक्त ०.००६. चारशेपट लहान! अणूच्या वेगात किंवा आपल्या बघण्याच्या कोनात जराशी चूक झाली की ही लहान गोष्ट त्या मोठीत बुडून जाते.

१९३८ साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये हर्बर्ट आइव्ह्ज आणि जी. आर. स्टिलवेल यांनी यावर काढलेली वाट मला अतिशय आवडली. त्यांनी हायड्रोजनचे अणू नळीतून पळवले आणि पलीकडे एक छोटा आरसा ठेवला. समोर येणाऱ्या अणूंचा प्रकाश थेट आला, तो निळ्याकडे सरकलेला. मागे टाकलेला प्रकाश आरशावरून परतून आला, तो तांबड्याकडे. दोन्ही रेघा एकाच काचेवर उमटल्या. वेळ मंदावत नसेल तर त्या दोघींचा मध्य मूळ रेघेवरच पडायला हवा. तो तांबड्या बाजूला सरकलेला सापडला, आणि सूत्र सांगतं तेवढाच. आइव्ह्ज स्वतः ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारं एक माध्यम, मानणारे होते, आइन्स्टाइनची सापेक्षता त्यांना मान्य नव्हती. तरी जे मोजलं ते त्यांनी जसंच्या तसं छापलं. माणूस म्हणून मला ते फार मोठं वाटलं.

इथून पुढचा लेझरचा भाग मला नीट उलगडलेला नाही. त्या क्षेत्रातलं कोणी असेल तर कृपया लिहा. मी मुलांना हा धागा दाखवणार आहे.

हर्णैकर
सोमवार, रात्री १०.१५

ताई, सुंदर लिहिलंय. मी अकरावीनंतर शिकलो नाही, घरची बोट आहे. पण तुमचा डॉप्लर मी रोज अंगावर घेतो. बंदरातून बाहेर पडताना लाट समोरून येते, तेव्हा नाळेवर पटापट आदळते. परतताना लाट मागून, तेव्हा तीच लाट सावकाश लागते. समुद्र तोच, वारा तोच. पुढची आणि मागची मिळून बघितली की बोटीचा वेग हिशोबातून निघून जातो, हे मला लगेच पटलं.

एक विचारतो. माझ्या लाटेला पाणी आहे. प्रकाशाच्या लाटेखाली काय आहे?

सुरुबन
मंगळवार, सकाळी ७.०५

हर्णैकरदादा, तुमच्या या प्रश्नावर भौतिकशास्त्रानं पन्नास वर्षं घालवली. उत्तर असं की खाली काही नाही. आणि ते काही नाही हे तुमच्याच बोटीच्या हिशोबातून दाखवता येतं.

माझं गाव गुहागर. काही वर्षं लेझर आणि अणूंच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून कातळसडाताईंचा धागा पुढे नेतो.

आइव्ह्ज यांच्या वेळी धावते अणू प्रकाश टाकत होते आणि माणूस बघत होता. लेझर आल्यावर उलटं करता आलं. आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढलेला अणू, धावतोय, आपण त्याच्यावर समोरून एक लेझर टाकायचा आणि पाठीमागून एक. आयन फक्त आपला ठरलेला रंग ओळखतो. समोरून येणारा लेझर त्याला आहे त्याहून निळा दिसतो, म्हणून तो मुळात तांबडा ठेवावा लागतो. मागून येणारा त्याला तांबडा दिसतो, म्हणून तो मुळात निळा ठेवायचा. दोन्ही रंग हळूहळू फिरवत जायचं. आयन उजळला की थांबायचं आणि दोन्ही वारंवारता लिहून घ्यायच्या.

आता सापेक्षता काय म्हणते? या दोन वारंवारतांचा गुणाकार म्हणजे आयनाच्या मूळ वारंवारतेचा वर्ग. नेमका वर्ग. त्यात वेग कुठेच उरत नाही. आयन सावकाश जावो की सुसाट, गुणाकार तोच.

दादा, तुमच्या बोटीला हा नियम लावून बघा. समोरची लाट आणि मागची लाट, दोन्हींचे मिनिटाचे ठोके मोजा आणि गुणा. उभ्या बोटीच्या ठोक्यांच्या वर्गापेक्षा तो गुणाकार थोडा कमी येईल, आणि वेग वाढवाल तशी तूट वाढत जाईल. त्या तुटीवरून तुम्ही पाण्यात किती वेगानं जाताय ते सांगता येईल. प्रकाशात ती तूट बरोब्बर भरून निघते, कारण धावणाऱ्याचं घड्याळच तेवढं मंदावतं. तूट नाही, म्हणून आपण कोणत्या 'पाण्यात' धावतोय हे शोधायला वाव नाही.

धावत्या आयनांच्या प्रकाशावरून हे तपासता येईल ही कल्पना आइन्स्टाइननंच १९०७ साली मांडली होती. लेझरनं ती फार पुढे नेली. हायडेलबर्गच्या मॅक्स प्लांक अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेत ५५ मीटर परिघाची एक साठवण रिंग होती. तिच्यात लिथियमचे आयन प्रकाशाच्या ६.४ टक्के वेगानं फिरवले. पुढे डार्मश्टाटच्या जीएसआय या संशोधन केंद्रातल्या १०८ मीटरच्या रिंगेत हाच लिथियम ३३.८ टक्के वेगानं फिरवला. म्हणजे सेकंदाला एक लाख किलोमीटरहून जास्त, रिंगेच्या साधारण साडेनऊ लाख फेऱ्या. लिथियमची मूळ रेघ हिरवी, ५४८.५ नॅनोमीटरची. या वेगाला मागून टाकलेला लेझर लागला ३८६ नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचा. समोरचा लागला ७८० चा, तांबड्याच्या काठावरचा. एकच हिरवी रेघ, पण तिला गाठायला एकाकडून जवळजवळ अदृश्य जांभळा आणि दुसरीकडून जवळजवळ अदृश्य तांबडा. मी पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा बराच वेळ तसाच बसून होतो.

शेवटचा_बाक
मंगळवार, दुपारी १.२०

मॅडमना प्रश्न विचारणारा तो मीच.

सुरुबन सर, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तरंगलांबीचाही गुणाकार चालतो ना? ३८६ गुणिले ७८० म्हणजे ३,०१,०८०. वर्गमूळ ५४८.७ आलं. पण तुम्ही ५४८.५ लिहिलंय. ०.२ कुठे गेले?

सुरुबन
मंगळवार, दुपारी २.००

शाब्बास. तरंगलांबीचा गुणाकार चालतो. ३८६ आणि ७८० हे मी पूर्णांकात लिहिलेले आकडे आहेत. ३८६ मध्ये अर्ध्या नॅनोमीटरची काटछाट असेल तर वर्गमूळात तेवढ्यानंच ०.३ पेक्षा जास्त फरक पडतो. तुझे ०.२ त्यात बसतात.

आता आणखी एक गणित कर. वेळ मंदावत नसती, लाट फक्त हर्णैकरदादांच्या लाटेसारखी असती, तर ५४८.५ ला १ वजा ०.३३८ चा वर्ग याच्या वर्गमूळानं गुणावं लागलं असतं. किती येतं सांग.

शेवटचा_बाक
मंगळवार, दुपारी २.११

५१६.२!!

म्हणजे पूर्णांकातल्या आकड्यांवरूनसुद्धा कळतं. ५१६ यायला हवं होतं आणि आलं ५४८.

कातळसडा
मंगळवार, दुपारी ३.३०

हे मी उद्या फळ्यावर घेते. इतकी वर्षं 'वेळ मंदावते' म्हटलं की मी म्युऑन या कणाचं उदाहरण द्यायचे, ते पुस्तकातलं आणि लांबचं वाटायचं. इथे मुलाच्या हातात दोन रंग आणि एक गुणाकार आहे.

वेंगुर्ल्याचो_झिल
मंगळवार, रात्री ८.५०

वाचतंय, खूप बरा वाटता. माका एक शंका आसा. रिंगेत लाखांनी आयन फिरतत, मगे सगळ्यांचो वेग एकच कसो? थोडो मागेपुढे असतलोच. ह्या लेझरान एक आयन पकडलो आणि त्या लेझरान दुसरोच पकडलो तर गुणाकार चुकतलो नाय?

सुरुबन
मंगळवार, रात्री ९.३०

भाऊ, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. या प्रयोगातली निम्मी मेहनत तिथेच जाते.

पहिला उपाय म्हणजे गर्दीला शिस्त लावणं. आयनांच्या सोबतीनं, अगदी त्याच वेगाचा इलेक्ट्रॉनांचा झोत रिंगेच्या एका सरळ भागातून सोडतात. पुढे धावणारे आयन इलेक्ट्रॉनांना धडकून मागे येतात, रेंगाळणारे पुढे ढकलले जातात. तरी थोडा विस्कळीतपणा राहतोच.

दुसरा उपाय जास्त सुंदर आहे. लिथियमच्या त्या रेघेत खालच्या बाजूला ऊर्जेच्या दोन पायऱ्या वापरता येतात, वर एक. पहिला लेझर आयनाला पहिल्या पायरीवरून वर उचलतो. आयन खाली येतो तो कधी पहिल्या पायरीवर, कधी दुसऱ्या. दुसऱ्या पायरीवर उतरला की पहिल्या लेझरला तो सापडत नाही, त्याचा उजेड विझतो. दुसरा लेझर बरोबर त्या दुसऱ्या पायरीवरून उचलणारा ठेवायचा. दोन्ही लेझर एकाच आयनाला लागू पडले तरच तो पुन्हापुन्हा वर जातो आणि उजळत राहतो. वेगवेगळ्या वेगाच्या आयनांना लागले तर दोन्ही गट विझतात. म्हणून उजेडाचं टोक दिसलं की समजायचं, दोघांनी एकच आयन धरला आहे. (नेमकं बोलायचं तर डार्मश्टाटला गुणाकार त्या दोन पायऱ्यांच्या वारंवारतांचा धरतात, एकाच वारंवारतेचा वर्ग नाही. पण तो फरक आपल्या वहीतल्या गणिताला जाणवणार नाही.)

हर्णैकर
मंगळवार, रात्री ९.५२

जाळ्याचा आस, म्हणजे भोक, जसा. ठरलेल्या मापाचाच मासा अडकतो, बारका निसटतो. इथे दोन जाळी एकावर एक आणि दोन्हीत अडकेल तोच मोजायचा.

वेंगुर्ल्याचो_झिल
मंगळवार, रात्री १०.०५

आता समाजला. देव बरे करो दोघांचाय.

तारयंत्री_चिपळूण
बुधवार, सकाळी ६.४०

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर ऑसिलेटर जुळवले, म्हणून मला वेगळीच शंका येते. गुणाकार ज्याच्याशी ताडून बघायचा ती मूळ वारंवारता कुठून आणली? संदर्भच चुकीचा असेल तर पुढची सगळी मोजमापं सुबक दिसतील आणि चुकीची असतील. आमच्याकडे एकदा एका केंद्रावर आठवडाभर सगळे चॅनल सरकलेले होते. आम्ही प्रत्येक उपकरण उघडून बघितलं, आणि दोष निघाला तो संदर्भाच्या क्रिस्टलमध्ये.

सुरुबन
बुधवार, सकाळी ८.१०

काका, ज्यांनी संदर्भ जुळवलेत त्यांनाच हा प्रश्न सुचतो.

मूळ वारंवारता मंद आयनांवर वेगळी मोजतात आणि एका टप्प्यावर तिचीच अनिश्चितता आडवी येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या हायडेलबर्गच्या मोजमापात म्हणून दोन वेग घेतले, प्रकाशाच्या ३ टक्के आणि ६.४ टक्के. दोन्ही वेगांचे गुणाकार एकमेकांशी ताडले. मूळ वारंवारता दोन्हीकडे तीच असल्यामुळे ती माहीत असण्याची गरजच पडत नाही. आणि रंग मोजायला लेझरचा फ्रिक्वेन्सी कोंब वापरला. समान अंतरावरच्या लाखो वारंवारतांचा तो कंगवा, त्याच्या दातांवर ठेवून प्रकाश मोजायचा. त्याच कामाबद्दल जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ चं नोबेल मिळालं. निष्कर्ष असा निघाला की आइन्स्टाइनच्या सूत्रापासून काही विचलन असलंच तर ते दहा कोटीत ८.४ भागांहून मोठं नाही. डार्मश्टाटचा शेवटचा निकाल २०१४ चा. ३३.८ टक्के वेगाला वेळ मंदावण्याचं सूत्र अब्जात २.३ भागांच्या आत खरं उतरलं.

गडाखालचा
बुधवार, दुपारी १२.३०

आमच्या विजयदुर्गाचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. अणूच्या रेघांचा विषय चाललाय आणि हेलियम तर आमच्या किल्ल्यावरून सापडला! १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, किल्ल्यातला साहेबाचा कट्टा अजून आहे. दरवर्षी त्या तारखेला गडावर कार्यक्रम होतो.

कातळसडा
बुधवार, सायंकाळी ५.४५

दादा, कट्टा मी बघितलाय, वर उभं राहिलं की समोर नुसता समुद्र. पण एक दुरुस्ती सुचवते, राग नसावा. १८६८ चं ते ग्रहण पिअर जानसेन यांनी गुंटूरहून पाहिलं. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ पाहिली. लॉकयर विजयदुर्गला आले हे खरं आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्यांचा तळ किल्ल्यात पडला होता. तोवर रॅम्से यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवर मिळवलाही होता. मला वाटतं दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली.

किल्ल्याचं महत्त्व यानं कमी होत नाही. ज्यानं सूर्यावरच्या रेघेवरून नवं मूलद्रव्य ओळखलं, तो माणूस त्याच रेघांच्या मागे म्हातारपणी आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिला. मुलांना नेऊन दाखवावं असंच आहे.

गडाखालचा
बुधवार, रात्री ९.००

राग कसला ताई. आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. १८९८ ची गोष्ट यापुढे तशीच सांगेन, ती कमी अभिमानाची नाही.

सुरुबन
बुधवार, रात्री ९.४०

गडाखालचा, तुम्ही अगदी योग्य धाग्यावर हेलियम आणलात. हेलियमभोवती दोन इलेक्ट्रॉन असतात. लिथियमला तीन. त्यातला एक काढला की लिथियमचा आयन उरतो, त्याच्याभोवतीही दोनच. म्हणजे डार्मश्टाटच्या रिंगेत धावत होती ती हेलियमसारखीच रचना, फक्त मधलं केंद्रक जास्त जड आणि जास्त विद्युतभाराचं. सूर्याच्या कडेला दिसलेली हेलियमची रेघ ५८७.६ नॅनोमीटरची, ताईंच्या सोडियमच्या जोडीला अगदी खेटून. तिथून ५४८.५ पर्यंत यायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली, पण कूळ एकच.

वेधशाळेशेजारी
गुरुवार, सकाळी १०.२०

अलिबागहून. कोकणातल्या मोजमापाची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि विजेच्या तारांनी नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये इथे अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. बांधकामात चुंबकीय वस्तू येऊ नये म्हणून काळजी घेतली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुळवून बघितल्या आणि मगच कुलाब्याच्या बंद केल्या. माझं बालपण त्या कुंपणाशेजारी गेलं. मोजणाऱ्याला शांत जागा लागते आणि नवा संदर्भ लावण्याआधी जुन्याशी ताडून बघावा लागतो, हे तारयंत्री काकांचं म्हणणं मला तिथलंच वाटलं.

प्रश्न: या प्रयोगांना आता रिंगच लागते का?

सुरुबन
गुरुवार, दुपारी १.१५

नाही, आणि ही माझी सगळ्यात आवडती बाजू आहे.

घड्याळ पुरेसं अचूक असेल तर वेग कमी चालतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या संस्थेत ॲल्युमिनियम आयनाच्या दोन घड्याळांची तुलना केली. सेकंदाला १० मीटरहून कमी वेगात, म्हणजे आपल्या गल्लीतल्या रिक्षाच्या वेगात, वेळ मंदावल्याचं मोजता आलं. एक घड्याळ ३३ सेंटीमीटर उचललं तर गुरुत्वाकर्षणाचा फरकही दिसला.

कोकण रेल्वेवर बसवून बघा. सलग दहा तास ताशी १२० च्या वेगानं गाडी गेली तर गाडीतलं घड्याळ सेकंदाच्या एका अब्जांशाच्या साधारण पाव भागापेक्षाही थोडं कमी मागे पडेल, ०.२२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश चार बोटं जातो.

आणि घड्याळ न हलवताही चालतं, कारण पृथ्वीच फिरते. २०१७ मध्ये पॅरिस, लंडनजवळचं टेडिंग्टन आणि जर्मनीतलं ब्राउनश्वाइग इथली स्ट्रॉन्शियमची घड्याळं काचतंतूंनी जोडून ताडली. पृथ्वीच्या परिवलनानं तिन्ही ठिकाणांचे वेग दिवसभर वेगवेगळे वळत राहतात. वेळ मंदावण्याचं सूत्र चुकत असतं तर घड्याळांमधला फरक दिवसाच्या तालात हलला असता. हलला नाही. २००७ च्या मोजमापातली विचलनाची मर्यादा, दहा कोटीत ८.४ भाग, ती साधारण एक भागावर आली. २०१९ मध्ये ब्राउनश्वाइगलाच इटर्बियमच्या आयनांची दोन घड्याळं वेगवेगळ्या दिशांना ठेवून सहा महिने ताडली. एकावर अठरा शून्यं इतक्या भागांत एक एवढ्या बारकाईपर्यंत ती जुळली, म्हणजे इलेक्ट्रॉनाला अमुक दिशा जवळची असं काही आढळलं नाही. आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही इटर्बियम आयनाच्या घड्याळाचं काम चालू आहे.

आता शेवटच्या बाकावरचा मूळ प्रश्न, का मोजतात. कणभौतिकीचं सगळं घर या एका सममितीवर, म्हणजे वेग किंवा दिशा बदलली तरी नियम तेच यावर, उभं आहे आणि गुरुत्वाकर्षण अजून त्या घरात नीट बसलेलं नाही. ते बसवण्याच्या काही प्रयत्नांत ही सममिती अगदी सूक्ष्म पातळीवर ढळू शकते. किती सूक्ष्म, ते कोणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक नवा दशांश बघावा लागतो. आठव्या घरापर्यंत खरं ठरलं म्हणजे अठराव्यापर्यंत खरं, असं मी तरी धरून चालणार नाही.

हर्णैकर
गुरुवार, रात्री ८.३०

आमच्या बोटीवरचा जीपीएस याच हिशोबावर चालतो असं ऐकलंय. खरं का?

तारयंत्री_चिपळूण
गुरुवार, रात्री ९.१०

खरं. उपग्रह सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगानं जातो, त्यामुळे त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. मिळून ३८ पुढे. हा फरक आधीच वळता करून घेतात. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. तुमच्या जाळ्याची खूण कुठे पडली असती बघा.

हर्णैकर
गुरुवार, रात्री ९.२५

म्हणजे रोज रात्री मी दोन्ही सापेक्षतांच्या भरवशावर घरी येतो. उद्या बोटीवरच्या पोरांना सांगतो.

शेवटचा_बाक
शुक्रवार, रात्री ११.०५

आज मॅडमनी फळ्यावर सगळं घेतलं. एक गोष्ट अडली आणि मी घरी येऊन सोडवली, बरोबर आहे का बघा.

आम्ही म्हणतो आयनाचं घड्याळ मंद. पण आयनाच्या दृष्टीनं तो स्थिर आहे आणि प्रयोगशाळाच धावतेय. मग त्याला आमचं घड्याळ मंद दिसायला हवं. दोघंही एकमेकांना मंद म्हणणार, तर मोजमाप कोणाचं खरं?

मी आयनाच्या बाजूनं मांडलं. समोरचा लेझर त्याच्याकडे धावत येतोय, मागचा त्याच्यापासून लांब जातोय. धावणारा दिवा म्हणून डॉप्लरचा भागाकार लावला, आणि लेझरचं घड्याळ मंद म्हणून गॅमानं भागलं (गॅमा म्हणजे घड्याळ किती पट मंदावलं तो आकडा, बीटा म्हणजे वेग भागिले प्रकाशाचा वेग). मग दोन्ही रंग आयनाच्या रंगाइतके यायला काय हवं ते काढलं. मागच्या लेझरला मूळ वारंवारता गुणिले गॅमा गुणिले (१ अधिक बीटा), समोरच्याला गॅमा गुणिले (१ वजा बीटा). प्रयोगशाळेच्या बाजूनं काढलेलं उत्तर अगदी हेच आहे. गुणाकार केला की गॅमाचा वर्ग आणि (१ वजा बीटाचा वर्ग) एकमेकांना खातात आणि मूळ वारंवारतेचा वर्ग उरतो.

दोन पानं गेली. तीनदा तपासलं.

सुरुबन
शुक्रवार, रात्री ११.३०

बरोबर आहे. एकही पायरी गाळलेली नाही. पान जपून ठेव.

कातळसडा
शुक्रवार, रात्री ११.४२

उद्या पहिला तास मोकळा आहे. वही घेऊन ये, दिवा मी आधीच लावून ठेवते. सोडियमच्या जोडीच्या शेजारी ५८७.६ कुठे पडली असती ते आपण दुर्बिणीच्या मोजपट्टीवर काढू.